मालक राजीनाम्यावर सही मागतोय, ईएसआयचा बेकारी भत्ता मिळतो का? (सोलापूर)

पूर्वभागवाला
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून इथं विचारतोय. माझे दाजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आठ वर्षं झाली मागावर आहेत. पगार सोळा हजार, स्लिपवर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि पीएफ दोन्ही कटतंय. दिवाळीपास्नं ऑर्डरी लई कमी झाल्या, आठवड्यातनं चारच दिवस माग चालू. परवा मालकानं दहा-बारा जणांना ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं पुढच्या महिन्यापास्नं येऊ नका, हिशेब तयार आहे, ह्या कागदावर सही करा आणि चेक घेऊन जावा. कागद म्हणजे छापील राजीनामा, "मी घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे" असलं काय काय. दाजी म्हणाले चष्मा घरी राहिला, वाचून सही करतो, म्हणून तेवढ्यावर निभावलं. आता शेजारचे एक जण म्हणतात ईएसआयमधून बेकारीचे पैसे मिळतात, दुसरे म्हणतात ते कोरोनात होतं आता बंद झालं. नेमकं कुणाला मिळतं, अटी काय, आणि सही केली तर काय होईल? ताई लई काळजीत आहे, दोन पोरं शाळेत आणि सासूबाईंचं शुगरचं औषध ईएसआयमधूनच चालू आहे.

ताणाबाणा
पहिली गोष्ट, सही करू नका. बाकी सगळं नंतर.

शेंगाचटणी
+१. आमच्या गल्लीत हेच झालं. चेक दाखवतात आणि कागद पुढं सरकवतात, माणूस रकमेकडं बघतो, वर काय लिहिलंय ते बघत नाही.

हिशेबखाते
मी बरीच वर्षं कारखान्यांच्या पगारपत्रकाचं काम केलंय, ईएसआयचं मासिक चलन मीच भरत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

ईएसआयमध्ये बेकारीसाठी दोन वेगळ्या योजना आहेत आणि लोक त्या दोन्ही एकच समजतात, तिथंच घोळ होतो. एक अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, ही १ जुलै २०१८ ला सुरू झाली. दुसरी तिच्याहून जुनी, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. दोन्हीचा पैसा सरकारी मदत म्हणून येत नाही, तुमच्याच वर्गणीतनं येतो. पगारातनं ०.७५ टक्के तुमचे कटतात, मालक ३.२५ टक्के भरतो. जुलै २०१९ च्या आधी हेच दर १.७५ आणि ४.७५ होते. म्हणजे दाजींनी आठ वर्षं ह्याचा हप्ता भरलाय, मागायला लाजायचं काही कारण नाही.

आता अटल योजनेच्या अटी. काम जाण्याआधी निदान दोन वर्षं विम्याखालच्या नोकरीत पाहिजे. वर्गणीचे काळ सहा-सहा महिन्यांचे असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. बेकार होण्याच्या लगेच आधीच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी पाहिजे, आणि दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी कुठल्याही एकात ७८ दिवस. सुरुवातीला चारही काळांत ७८-७८ लागायचे आणि पैसे पगाराच्या फक्त २५ टक्के मिळायचे, तेही नव्वद दिवस बेकार बसल्यावर. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळं अट सैल केली, ५० टक्के केले आणि ३० दिवसांनंतर मागता येईल असं केलं. ती सवलत पुढं वेळोवेळी वाढवत नेली, म्हणून "कोरोनात होतं" हे अर्धं खरं. अर्ज करायच्या दिवशी मुदत कुठवर आहे आणि टक्का कुठला चालू आहे हे ब्रांच ऑफिसात विचारून घ्या.

पैसे जास्तीत जास्त नव्वद दिवसांचे, आणि आयुष्यात एकदाच.

पूर्वभागवाला
लई धन्यवाद साहेब. म्हणजे सोळा हजाराचे निम्मे आठ हजार, तीन महिने चोवीस हजार, बरोबर का?

हिशेबखाते
जवळपास, पण हिशेब तसा करत नाहीत. आधीच्या चार वर्गणी काळांत जेवढा पगार दाखवलाय तो सगळा बेरीज करून ७३० ने भागायचा, ती रोजची सरासरी. दोन वर्षं सलग सोळा हजार धरले तर ३,८४,००० भागिले ७३०, रोजचे साधारण ५२६ रुपये, निम्मे २६३, गुणिले ९० म्हणजे तेवीस हजार सहाशे सत्तरच्या आसपास. पण भागायचे ७३० ठरलेलेच असतात, काम कमी दिवस झालं म्हणून भागाकार बदलत नाही. ज्या महिन्यांत चार दिवसांचा आठवडा होता ते महिने सरासरी खाली ओढणार.

अक्कलकोटरोड
आमच्याकडं बऱ्याच ठिकाणी अजून एक प्रकार चालतो ओ, हातात सोळा हजार आणि ईएसआयला दाखवतात नऊ-दहा हजार. मग भत्ता पण त्या नऊ-दहावरच निघतो. दाजींना म्हणावं उमंग अ‍ॅपवर नाहीतर ईएसआयसीच्या (ईएसआय महामंडळाच्या) साइटवर आयपी नंबर, म्हणजे ईएसआय कार्डावरचा विमा नंबर, टाकून वर्गणीचा इतिहास काढा, त्यात प्रत्येक महिन्याला किती दिवस आणि किती पगार भरलाय ते दिसतं. स्लिप एका बाजूला ठेवा आणि ते एका बाजूला ठेवा.

कांडीवाली_लेक
आणि कटलेत पण भरलेच नाहीत असं निघालं तर? आईच्या बाबतीत असं झालेलं, मधले काही महिने कोरे.

हिशेबखाते
अक्का, कायद्यात वर्गणी "भरलेली किंवा देय असलेली" असा विचार आहे. मालकानं कापून घेतली आणि भरली नाही तर ती वसूल करणं महामंडळाचं काम, कामगाराचा हक्क त्यानं बुडत नाही. पण हे काउंटरवर नुसतं तोंडानं सांगून होत नाही, त्या महिन्यांच्या पगार स्लिपा, हजेरी कार्ड, बँकेत पगार आला असेल तर पासबुकाची नोंद, हे घेऊन लेखी तक्रार द्यावी लागते आणि पोच घ्यावी लागते. रोखीनं पगार घेणाऱ्यांची इथंच अडचण होते, म्हणून स्लिप कितीही चुरगळलेली असली तरी फेकू नका.

सातरस्ता
राजीनाम्याचं कुणी बोलेना. मुख्य प्रश्न तोच आहे ना.

हिशेबखाते
येतोच त्यावर. माणूस कामावरून गेला की मालक महिन्याच्या चलनात त्याच्या नावापुढं शून्य दिवस टाकतो आणि एक कारण निवडतो. कारणांचे क्रमांक ठरलेले आहेत. २ म्हणजे नोकरी सोडली, ३ निवृत्त, ८ काम स्थगित, ९ संप किंवा टाळेबंदी, १० कामगार कपात, ११ काम नाही. असे बरेच आहेत. क्लार्क मंडळी सवयीनं सगळ्यांना २ टाकून मोकळे होतात, त्यात त्यांचा वाईट हेतू असतोच असं नाही, यादी मोठी असते आणि चलनाची पंधरा तारीख डोक्यावर असते. पण त्या एका आकड्यानं घरातल्या चुलीवर परिणाम होतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

अटल योजनेतून हे लोक बाहेर आहेत: स्वतःहून काम सोडून गेलेले, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, निवृत्तीचं वय झालेले, शिस्तभंगाच्या कारवाईत काढलेले, संपामुळं किंवा टाळेबंदीमुळं तात्पुरते घरी बसलेले, आणि ईएसआयकडं खोटी माहिती दिल्याबद्दल शिक्षा झालेले. आता छापील राजीनाम्यावर सही केली की दाजी आपल्या हातानं पहिल्या गटात जाऊन बसतात. नंतर "मला काढलं होतं" म्हणून कितीही सांगा, समोर सही केलेला कागद असतो.

ताणाबाणा
आणि जुन्या योजनेचं पण सांगा, खरा मोठा फरक तिथं आहे. राजीव गांधी योजनेत कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या इजेमुळं ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं, तरच भत्ता. पण मिळतो तो नव्वद दिवस नाही तर चोवीस महिन्यांपर्यंत. पहिले बारा महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. त्या काळात स्वतःला आणि घरच्यांना दवाखाना चालू राहतो, आणि नवीन काम शिकायचं असेल तर प्रशिक्षणाची फी पण आहे. दाजींची आठ वर्षं झालीत म्हणजे वर्गणीचा प्रश्न येत नाही, प्रश्न फक्त कागदावर "कपात" हा शब्द येतो का नाही एवढाच. एक शब्द, आणि एकीकडं तीन महिने तर दुसरीकडं दोन वर्षं. माझा जीव ह्याच्यासाठी तुटतो, कारण हजार माणसात ही योजना दहाजणांना पण माहीत नसती, काउंटरवर पण लोक "अटल" एवढंच विचारतात. दोन्ही नावं घेऊन विचारा.

दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, हे पण लक्षात असू द्या.

पूर्वभागवाला
मालक तर म्हणतो सही नाही तर चेक नाही. मग काय करावं माणसानं? घरात पैसा पाहिजे की.

वकिलीण_सोलापूर
मी कामगार न्यायालयात प्रॅक्टिस करते, त्यामुळं ह्या भागाचं लिहिते. चेक कशाचा आहे ते आधी बघा. थकलेला पगार, बोनस, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी ह्या गोष्टी राजीनाम्याच्या बदल्यात मिळत नसतात, त्या तुमच्याच आहेत. आठ वर्षं झालीत म्हणजे ग्रॅच्युइटी लागू, पाच वर्षांची अट केव्हाच पूर्ण झाली. बेसिक आणि डीए मिळून सोळा हजार धरले तर १६,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ८, म्हणजे ७३,८४६ रुपये. आणि कपात केली तर ह्याशिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. म्हणजे अजून चौसष्ट हजारांच्या आसपास. मालक राजीनामा का मागतो हे एवढ्यावरनं कळेल. राजीनामा घेतला की नोटीस पण वाचते आणि भरपाई पण.

हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, १९४७ च्या, कलम २५ एफ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार कायदे (लेबर कोड) लागू झाले, त्यात पण नोटीस आणि पंधरा दिवस तसेच ठेवलेत. वर एक नवीन गोष्ट आलीय, कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात शेवटच्या पगाराच्या पंधरा दिवसांएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांच्या आत जमा व्हायची आहे, ती मालकानं भरायची. अर्थात कपात दाखवली तरच.

दुसरं, काढताना क्रम असतो. त्या प्रकारच्या कामात जो शेवटी लागला तो आधी जाणार. आठ वर्षांच्या माणसाला काढून दोन वर्षांचा पोरगा ठेवला असेल तर का ठेवला ते मालकानं लिहून द्यायचं असतं. आणि पुढं ऑर्डरी आल्या, परत भरती झाली तर काढलेल्यांना आधी बोलवायचं असतं. राजीनामा दिलेल्याला हे काही लागू होत नाही.

शेंगाचटणी
वकीलताई, हे असं सविस्तर आम्हाला कुणी सांगतच नाही हो.

पूर्वभागवाला
मग उद्या दाजींनी जाऊन नेमकं काय बोलायचं? भांडण नको आहे, मालक तसा माणूस वाईट नाही, ताईच्या लग्नात उचल दिली होती.

वकिलीण_सोलापूर
भांडायची गरजच नाही. साधं म्हणायचं, "मालक, तुम्ही काम नाही म्हणून काढताय तर तसंच लिहून द्या, मी राजीनामा देत नाही." आणि कामावर जात राहायचं, रोज हजेरी लावायची. घरी बसलात तर उद्या "स्वतःहून येणं बंद केलं" असं लिहायला जागा होते. गेटवर अडवलं तर त्याच दिवशी साध्या मराठीत पत्र लिहा, अमुक तारखेपासून काम नाही म्हणून मला येऊ देत नाहीत, मी कामाला तयार आहे, मी राजीनामा दिलेला नाही. स्पीड पोस्टानं मालकाला पाठवा, पावती जपून ठेवा, एक प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात द्या आणि शिक्का मारून घ्या. ज्यांनी आधीच सही केलीय त्यांनी पण ताबडतोब असंच पत्र द्या, की सही चेक अडवून घेतली होती. जितका उशीर तितकं अवघड.

आणि मालक माणूस चांगला असेल तर त्याला हे पण सांगा की कपातीचं पत्र दिल्यानं त्याच्या कामगाराला ईएसआयमधून भत्ता मिळेल, तो पैसा त्याच्या खिशातनं जाणार नाहीये, त्याची वर्गणी तो आधीच भरून बसलाय. बऱ्याच छोट्या कारखानदारांना हे माहीत नसतं, त्यांना फक्त सल्लागारानं छापील कागद दिलेला असतो.

हिशेबखाते
वकीलताई म्हणतात ती नोटीस महत्त्वाची, अजून एका कारणासाठी. पूर्वभागवाले, जरा हजेरी मोजू. ऑक्टोबर ते मार्च हा चालू काळ. दिवाळीआधी पूर्ण काम होतं, सतरा हजेऱ्या धरा. दिवाळीचा आठवडा सोडून जानेवारी संपेपर्यंत चौदाएक आठवडे, चार-चार दिवस, म्हणजे छप्पन्न. झाले त्र्याहत्तर. ७८ ला पाच कमी! जानेवारीअखेर घरी बसवलं तर हा अख्खा काळ वाया जातो. नोटिशीचा महिना काम करून काढला तर नव्वदच्या जवळ जातात. पगारी सुट्ट्या पण मोजतात, दिवाळीची सुट्टी पगारी होती का ते स्लिपवर बघा. म्हणून नोटिशीऐवजी पैसे घेण्यापेक्षा महिनाभर कामच द्या असं म्हणा.

दवाखान्याचं पण ह्याच्याशीच जोडलेलं आहे. एप्रिल ते सप्टेंबरात ७८ दिवस भरले असतील तर जानेवारी ते जून कार्ड चालतं, नोकरी गेली तरी. सासूबाईंचं औषध जूनपर्यंत थांबायचं कारण नाही, कुणी "नोकरी गेली आता कार्ड बंद" म्हणालं तर ऐकू नका, साइटवरची पात्रता दाखवा. ऑक्टोबर ते मार्चात ७८ भरले तर जुलै ते डिसेंबर चालेल. त्या पाच दिवसांवर पुढचे सहा महिने अडकलेत, म्हणून म्हणतोय.

पूर्वभागवाला
हे तर आमच्या डोक्यातच आलं नसतं. आत्ताच ताईला फोन केला, स्लिपा काढून बसलेत दोघं.

कांडीवाली_लेक
माझा एक प्रश्न. मावशी घरी विड्या वळते, कारखान्यानं पानं देणं कमी केलंय. तिला हे लागू होईल का?

ताणाबाणा
ईएसआयचा आयपी नंबर असेल तर बघता येईल, नसेल तर ह्या दोन्ही योजना नाहीत. पीएफ आहे का ते बघा, विडी कामगारांना १९७७ पासून पीएफ लागू आहे. खरं सांगायचं तर आपल्या सोलापुरात काम ज्यांचं सगळ्यात आधी जातं, घरी विड्या वळणाऱ्या, साखर पेठेत, अशोक चौकात चार मागांवर रोखीनं राबणारे, तेच ह्या वर्गणीच्या बाहेर आहेत. दहा माणसांची अट आहे ना, मग एकाच शेडमधले वीस माग तीन नावांवर लिहिलेले असतात. हे बदलायला पाहिजे आणि त्यासाठी आरडाओरडा झाला पाहिजे, पण तो वेगळा धागा काढू.

सातरस्ता
सुपरवायझर लोकांचं काय? माझा पगार तेवीस हजार आहे.

हिशेबखाते
२१ हजारांची मर्यादा आहे जानेवारी २०१७ पासून, अपंग कामगारांना २५ हजार. पगार मधेच वाढला असेल तर तो चालू सहामाही काळ संपेपर्यंत वर्गणी चालते, नंतर बाहेर. तुमचं केव्हा बाहेर पडलं ते स्लिपवर बघा. भरपाई आणि ग्रॅच्युइटीचा ईएसआयशी संबंध नाही, ते वेगळं बघावं लागेल.

अक्कलकोटरोड
ठेकेदाराकडचे पण विसरू नका. ठेकेदार पळाला तरी ईएसआयची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते.

पूर्वभागवाला
अर्ज कसा करायचा तेवढं सांगा, म्हणजे दाजींना वहीत लिहून देतो.

हिशेबखाते
काम गेल्यावर ३० दिवस होऊ द्या, आधी घेत नाहीत. पुढच्या तारखांचा भत्ता पण मागता येत नाही, जेवढे दिवस बेकार गेले तेवढ्यांचाच. ईएसआयसीच्या साइटवर आयपी नंबरनं लॉगिन करून अटल योजनेचा क्लेम भरायचा, आधार आणि बँक पासबुक स्कॅन करून जोडायचं. पूर्वी मालकाकडून फॉर्म भरून आणावा लागायचा आणि स्टॅम्प पेपरवर अ‍ॅफिडेव्हिट लागायचं, २०२० मध्ये दोन्ही काढून टाकलं, त्यामुळं "मालकाची सही आणा" म्हणून परत पाठवलं तर नम्रपणे नियम विचारा. काम गेल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज पाहिजे. आधारवरचं नाव, पासबुकावरचं आणि ईएसआय कार्डावरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा, आपल्याकडं तेलुगू आडनावांची स्पेलिंगं तीन कागदांवर तीन असतात आणि क्लेम तिथंच अडकतो. मधे दुसरीकडं काम लागलं तर त्या दिवसापासून भत्ता थांबतो, ते लपवू नका, नवीन मालकानं वर्गणी भरली की दिसतंच.

आणि अर्जाच्या आधी ब्रांच ऑफिसात कपातीचं पत्र घेऊन जा आणि राजीव गांधी योजनेचं पहिल्यांदा विचारा. ती बसत असेल तर अटलचे नव्वद दिवस आयुष्यात एकदाचे आहेत, ते राखून ठेवा.

पूर्वभागवाला
दाजी आज सकाळी जाऊन आले. बाकीच्या सहा जणांना पण बरोबर घेतलं, कुणीच सही केली नाही. मालक आधी चिडले, मग सल्लागाराला फोन लावला, शेवटी म्हणाले सोमवारी नोटिशीचं पत्र देतो, महिनाभर या कामावर. इतिहास पण काढला, मागच्या वर्षीच्या जूनमध्ये शून्य दिवस दिसतायत, स्लिपवर मात्र कटलेत. ती स्लिप सापडलीय.

हिशेबखाते
उत्तम. जूनच्या स्लिपची झेरॉक्स काढा आणि सोमवारी पत्र मिळालं की त्यावर कारण काय लिहिलंय ते इथं टाका, नावं झाकून. "कामाअभावी कपात" असं स्पष्ट पाहिजे, "सेवा समाप्त" एवढंच लिहिलं असेल तर घ्यायच्या आधी दुरुस्त करून मागा.

वकिलीण_सोलापूर
आणि पत्र घेताना मालकाच्या प्रतीवर सही करावी लागेल तिथं तारीख घाला आणि "पत्र मिळाले" एवढंच लिहा. "मान्य" लिहू नका. ज्यांनी आधी सही केलीय त्या बाकीच्यांना पण सांगा, दोन दिवसांत पत्र तयार करून देते.